पेरणी झाली, आता जागल

कापसाचा सीझन सुरू होऊन महिना झाला होता. रात्रीचे साडेनऊ. अकोल्याजवळच्या एका जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली आणि काट्यावरच्या काकांचा फोन आला, "भाऊ, काटा तं चालू हाये. मंग पावती काहून नाही निंघून राह्यली?"

वजनाची पावती काढणारं ते छोटं सॉफ्टवेअर मी आणि माझ्या एका मित्रानं लिहिलं होतं. अमरावतीतल्या खोलीत बसून मुंबईच्या क्लाउडवरच्या सर्व्हरमध्ये शिरलो. एरर अगदी स्पष्ट होती, डिस्कवर जागा शिल्लक नाही. जागा दाखवणारी डीएफ ही आज्ञा चालवली, तर निम्मी डिस्क रिकामी. परत चालवली, परत निम्मी रिकामी. सर्व्हर बंद करून चालू केला, तरी तेच. तिकडे शेतकरी गाड्यांपाशी थंडीत ताटकळत उभे आणि इकडे आम्ही त्याच एका ओळीकडे पाहत बसलेलो.

तासाभरानं उलगडा झाला. लिनक्सवर प्रत्येक फाइलीसाठी, मग ती रिकामी का असेना, आयनोड नावाची एक नोंद लागते. डिस्क तयार होतानाच अशा नोंदी किती असणार हे बहुतेक वेळा ठरून जातं. आमच्या २० जीबीच्या डिस्कवर त्या सुमारे १३ लाख होत्या. काट्याजवळचा कॉम्प्युटर दर दोन सेकंदांनी सर्व्हर जिवंत आहे का ते विचारत होता आणि प्रत्येक वेळी आमचा प्रोग्राम एक नवी सेशन फाइल तयार करत होता. ती पुसायची सोय आम्ही केलीच नव्हती. दिवसाला ४३ हजार फाइली. महिनाभरात गोदामात जागा शिल्लक राहिली, पण नोंदवहीची पानं संपली. फाइली पुसायला गेलो, तर नेहमीची आरएम आज्ञा इतक्या फाइली एकदम घेईना. फाइंड वापरून त्या पुसल्या, तेव्हा अकरा वाजता पहिली पावती निघाली.

तो दोष लॅपटॉपवर कितीही तपासून दिसला नसता. प्रोग्राम महिनाभर अखंड चालल्यावरच तो दिसणार होता. म्हणून मी आज अमरावती-अकोल्याकडच्या डेव्हलपर मुलामुलींना आवर्जून सांगतो, की प्रोग्राम लिहिणं ही पेरणी आहे. आपल्याकडे पेरणी करून कोणी घरी निजत नाही. हरभरा भरायला लागला की रोही आणि रानडुकरं येतात, वावरात मचाण बांधून जागल करावी लागते. आपलं कॉम्प्युटरचं शिक्षण मात्र बहुतेक वेळा पेरणीपाशीच थांबतं.

डेव्हऑप्स म्हणजे ही जागल, आणि ज्यानं पेरलं त्यानंही ती करायची, हा त्यातला मूळ विचार. जून २००९ मध्ये फ्लिकरच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत सांगितलं, की त्यांच्याकडे दिवसाला दहापेक्षा जास्त वेळा नवा कोड चढवला जातो, कारण लिहिणारे आणि चालवणारे एकत्र काम करतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियममधल्या घेंट गावी पॅट्रिक डेबॉइस यांनी 'डेव्हऑप्सडेज' ही परिषद भरवली आणि तिथून हा शब्द रुळला. तेव्हा त्याला कोणत्या टूलचं नाव चिकटलेलं नव्हतं. आज मात्र 'डेव्हऑप्स शिकायचंय' म्हटलं की समोर वीस-पंचवीस टूलची यादी येते. ती यादी बाजूला ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. एक छोटी, खरी गोष्ट निवडा आणि ती वर्षभर स्वतः चालू ठेवा. लागतील तशी टूलं त्या वाटेवर भेटतीलच.

आधी तळ पक्का करा

कंटेनर चालवणारं डॉकर २०१३ मध्ये आलं. पण ज्या सीग्रुप्सच्या जोरावर ते चालतं, ते लिनक्सच्या गाभ्यात २००८ मध्येच आले होते. क्लाउडची मांडणी कोडमध्ये लिहायचं टेराफॉर्म २०१४ चं. २०२३ मध्ये हॅशिकॉर्प कंपनीनं त्याचा परवाना बदलला आणि काही आठवड्यांतच त्यातून ओपनटोफू हा वेगळा फाटा निघाला. वरची नावं अशी बदलत राहतात. खालचं लिनक्स, नेटवर्क आणि फाइलींचा कारभार फारसा बदलत नाही. वरचं आज शिकाल तर ते दोन-चार वर्षांत जुनं होईल, तळातलं मात्र निवृत्त होईपर्यंत पुरेल.

म्हणून पहिले दोन-तीन महिने फक्त लिनक्स आणि नेटवर्कला द्या. प्रोसेस म्हणजे काय, ती कोणाच्या नावानं चालते, तिला कोणत्या फाइलीला हात लावायची परवानगी आहे, ती मेली तर परत कोण उठवतं, तिचे लॉग कुठे लिहिले जातात. इंग्रजीची भीती वाटत असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत मोफत ऐकायला मिळतात. सुरुवातीला ते जरूर ऐका, पण मॅन्युअलची पानं इंग्रजीतून वाचायची सवयही त्याच वेळी लावा. रात्री दोन वाजता एरर येईल ती इंग्रजीतूनच येईल.

नेटवर्कसाठी मी एक घरगुती क्रम वापरतो. 'साइट उघडत नाही' असा फोन आला, की पाच गोष्टी याच ओळीनं तपासायच्या: नाव, वाट, दार, माणूस, कोठार. नाव म्हणजे डीएनएस, पत्ता सापडतोय का? त्यासाठी डिग. वाट म्हणजे त्या पत्त्यापर्यंत पोचता येतं का, मध्ये फायरवॉल आडवी आली आहे का? दार म्हणजे पोर्ट, तो उघडा आहे का? त्यासाठी सर्व्हरवर एसएस आणि बाहेरून कर्ल. माणूस म्हणजे आत तुमचा प्रोग्राम जागा आहे का, की प्रोसेस चालू असून उत्तरच देत नाही? आणि कोठार म्हणजे डेटाबेस. नवखा माणूस घाबरून थेट कोठारात शिरतो आणि तासभर तिथेच उकरत बसतो, आणि गडबड निघते नावात, कारण डोमेनचं नूतनीकरण राहून गेलेलं असतं. हा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा. वीस वेळा वापरलात, की कागदाची गरज उरणार नाही.

लाइन गेली तर?

सरावासाठी लगेच क्लाउडवर पैसे घालू नका. घरात धूळ खात पडलेला जुना लॅपटॉप असेलच. त्यावर डेबियन किंवा उबुंटूचं सर्व्हरवालं रूप टाका, डेस्कटॉप टाकू नका. स्क्रीन मिटवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचनं आत जा. स्क्रीन मिटल्यावर तो झोपी जाणार नाही एवढी सेटिंग बदला. त्यावर तुमचं एखादं ॲप, पोस्टग्रेस डेटाबेस आणि समोर एनजिनएक्स बसवा. एका बटणात सगळं बसवून देणाऱ्या सोयी या टप्प्यावर टाळा.

या घरच्या सर्व्हरचा खरा गुरू म्हणजे आपल्याकडची वीज. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते, त्यामुळे लाइन गेली की तो धाडकन बंद पडतो. लाइन आल्यावर काय होतं ते बघा. मशीन चालू केल्यावर तुमचं ॲप आपोआप उठतं का? डेटाबेस आधी उठला आणि ॲप नंतर, की उलटं झालं आणि ॲप रुसून बसलं? अर्धवट लिहिलेल्या नोंदीचं काय झालं? पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका वेगळ्या लॉगमध्ये लिहितो आणि मग मुख्य फाइलीत, म्हणून तो अशा झटक्यातून सावरतो. हे पुस्तकात वाचून विसरायला होतं. स्वतःच्या घरी लाइन जाऊन आल्यावर लॉगमध्ये त्या सावरण्याच्या ओळी दिसल्या, की आयुष्यभर लक्षात राहतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तो लॅपटॉप तापून संथ होईल. तापमान आणि प्रोसेसरचा वेग यांचा आलेख काढायला याहून चांगला मुहूर्त नाही.

एक अडचण मात्र येईल. घरगुती इंटरनेटवर बहुतेकदा तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. कंपनी अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते, म्हणून बाहेरून तुमच्या लॅपटॉपपर्यंत कोणी पोचू शकत नाही. टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेल वापरून वाट काढता येते. ती वाट नेमकी कशी निघते हे समजून घेण्यात जाणारा आठवडा वाया गेला असं समजू नका, नेटवर्कचा निम्मा अभ्यास त्यातच होतो.

मग त्या ॲपला खरा वापरणारा शोधा. ही अट मी कोणालाच माफ करत नाही. मोर्शी-वरुडकडच्या एखाद्या संत्रा बागायतदाराचा हिशेब, ओळखीच्या अडत्याची वही, गावातल्या वाचनालयाची पुस्तकयादी, मामाच्या डाळ मिलमधल्या आवक-जावकेची नोंद, काहीही चालेल. वापरणारा एकच असला तरी चालेल, पण बंद पडल्यावर फोन करणारा हवा. स्वतःच्याच प्रोजेक्टवर माणूस दया दाखवतो. दुसऱ्याची पावती अडली की झोप उडते आणि शिकणं होतं. पण इथे जपायची एक गोष्ट: दुसऱ्याचा हिशेब घरच्या लॅपटॉपवर एकटा ठेवू नका. लॅपटॉप सरावासाठी. खरं काम क्लाउडवर न्या आणि पहिल्या काही महिन्यांत त्या माणसाची कागदी वही बंद करू नका.

भाड्याचा ट्रॅक्टर

क्लाउड समजून घ्यायला आपल्याला दूर जावं लागत नाही. नांगरटीपुरता ट्रॅक्टर भाड्यानं आणायचा, सोयाबीन निघालं की थ्रेशर बोलवायचं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. जिनिंगचंच पाहा. दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं, उन्हाळ्यात थंडावतं. चार-पाच महिन्यांच्या धावपळीसाठी बारा महिन्यांचा सर्व्हर विकत का घ्यायचा? ॲमेझॉननं २००६ मध्ये आधी साठवणूक आणि मग संगणक असे भाड्यानं द्यायला सुरुवात केली, त्यामागचा हिशेब हाच.

पण भाड्याचा ट्रॅक्टर वावरात उभा राहिला तरी मीटर पडत असतो. शिकणाऱ्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान इथेच होतं. रविवारी सरावासाठी काहीतरी उभारलं, सोमवारपासून विसरले, महिन्याअखेर क्रेडिट कार्डावर बिल. मशीन बंद केलं तरी त्याची डिस्क, राखून ठेवलेला आयपी पत्ता, नॅट गेटवे यांचं भाडं चालूच राहतं. म्हणून खातं उघडल्यावर पहिलं काम मशीन चालू करण्याचं नाही. आधी मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा, मग रोजच्या वापरासाठी कमी अधिकारांचं वेगळं खातं काढा आणि मग काही शे रुपयांवर बजेटची सूचना लावा. मोफत वापराचे नियम दर थोड्या काळानं बदलतात. मित्रानं दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं त्यावर जाऊ नका, त्या दिवशीचं पान स्वतः वाचा.

दुसरी चूक याहून महाग पडते, ती म्हणजे क्लाउडची गुप्त किल्ली कोडसोबत गिटहबवर जाणं. अशा किल्ल्या शोधत फिरणारे प्रोग्राम काही मिनिटांत ती उचलतात आणि तुमच्या नावावर मशीनं चालवू लागतात. फाइल पुसून नवा कमिट केला तरी जुन्या इतिहासात किल्ली राहतेच. एकदा बाहेर गेलेली किल्ली रद्द करणं, एवढाच त्यावर उपाय आहे.

तीन मोठ्या क्लाउडपैकी कोणता शिकायचा, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. कोणताही एक घ्या. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र जून २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून, आणि मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्येच पुणे, मुंबई आणि चेन्नईत केंद्रं उघडली. अमरावतीहून मुंबईत विचारणा पोचायला फार वेळ लागत नाही. तेच ॲप चुकून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात उभारलंत, तर प्रत्येक क्लिक अर्धी पृथ्वी ओलांडून जाईल आणि परत येईल. शिवाय पैशांच्या व्यवहाराशी काम असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार व्यवहारांची माहिती भारतातच साठवावी लागते. केंद्र निवडणं हा तांत्रिक प्रश्न आहे, तसाच तो कायद्याचाही आहे, हे इथे उमगतं.

एका क्लाउडवर पाच गोष्टी नीट आल्या पाहिजेत: कोणाला काय करायचा अधिकार, खासगी नेटवर्कची आखणी, भाड्याचं मशीन, फाइलींची साठवणूक आणि सांभाळून दिलेला डेटाबेस. यांतली अधिकारांची गोष्ट सगळ्यांत कंटाळवाणी वाटते आणि कामावर सगळ्यांत जास्त तीच लागते. या पाचांवर हात बसला की दुसरा क्लाउड समजायला फार वेळ लागत नाही.

आणि हो, हे सगळं एकदा हातानं माउस फिरवून करा, दुसऱ्यांदा टेराफॉर्म किंवा ओपनटोफूमध्ये लिहून करा. सहा महिन्यांपूर्वी कोणत्या पानावर कोणता चौकोन टिकमार्क केला होता, हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. लिहिलेलं राहतं. प्रत्यक्ष बदल करण्याआधी ते टूल 'मी हे हे करणार आहे' अशी यादी दाखवतं, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. यादीत डेटाबेस 'काढून नव्यानं बनवणार' असं दिसलं, तर हात तिथेच थांबला पाहिजे.

१०५ तासांतला रस्ता

जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते मूर्तिजापूरदरम्यान एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी राजपथ इन्फ्राकॉननं ते काम केलं, सुमारे ७२० माणसं रात्रंदिवस राबत होती. घाई करून असा रस्ता होत नाही. माल कुठून येणार, कोणत्या पाळीला कोण, कोणतं यंत्र बंद पडलं तर पर्याय काय, हे पहिला डंपर ओतण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

कोड चढवण्याचं असंच आहे. आपल्याकडे अनेक छोट्या कंपन्यांत अजून शुक्रवारी रात्री एक जण सर्व्हरवर शिरून फाइली बदलतो आणि बाकीचे देवाचं नाव घेतात. त्याऐवजी गिटमध्ये बदल गेला की चाचण्या आपोआप चालाव्यात, पास झाल्या तर कंटेनरची इमेज बनावी, ती आधी सरावाच्या सर्व्हरवर आणि मग खऱ्या सर्व्हरवर जावी. गिटहब ॲक्शन्स खुल्या प्रोजेक्टसाठी मोफत आहे, सुरुवात तिथे करा. पण पुढे जायची वाट बांधण्याआधी मागे यायची वाट बांधा. नवं बिघडलं तर जुनं किती मिनिटांत परत येतं? हे मोजून पाहिलं नसेल, तर तुमची पाइपलाइन अजून अपुरी आहे. डेटाबेसचे बदल इथे सर्वांत जास्त घात करतात. कोड मागे नेता येतो, पुसलेला रकाना परत येत नाही. म्हणून आधी नवा रकाना जोडायचा, दोन्ही काही दिवस चालू द्यायचे आणि जुना सगळ्यांत शेवटी काढायचा.

निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी २०१८ च्या 'अ‍ॅक्सिलरेट' या पुस्तकात अनेक वर्षांच्या सर्वेक्षणांतून दाखवलं, की जे संघ वारंवार आणि लहान लहान बदल चढवतात, त्यांच्याकडे बिघाडही कमी होतात आणि झालेले लवकर दुरुस्त होतात. वेग आणि भरवसा हातात हात घालून चालतात. हे मला पटायला काही वर्षं लागली. तुम्ही ते पहिल्या वर्षीच धरून चाला.

कंटेनर याच वाटेवर शिका. तो म्हणजे छोटं मशीन, ही समजूत सोडा. कंटेनर ही एक साधी लिनक्स प्रोसेसच असते, फक्त तिला इतरांपासून वेगळी खोली आणि ठरावीक शिधा दिलेला असतो. मेमरीचा शिधा संपला की गाभा तिला सरळ मारून टाकतो. पुढे नोकरीत 'पॉड सारखा रीस्टार्ट होतोय' असं कोणी म्हणेल तेव्हा हे आठवेल. अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटिसची घाई मात्र करू नका. एका मशीनवर डॉकर कंपोझनं चार कंटेनर काही महिने चालवा. जेव्हा एक मशीन पुरेनासं होईल तेव्हा के-थ्री-एस किंवा काइंड हे त्याचं छोटं रूप लॅपटॉपवर बसवा. आणि हात बसला, की केल्सी हायटॉवर यांचं 'कुबरनेटिस द हार्ड वे' हे मोफत मार्गदर्शन एकदा शेवटपर्यंत करा.

बॅकअप आहे, पण चालतो का?

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीच्या एका थकलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअप आणि प्रतींच्या पाच पद्धती त्यांच्याकडे होत्या. त्या रात्री पाहिलं, तर एकही धड चालत नव्हती. कोणीतरी योगायोगानं सहा तास आधी काढलेल्या एका प्रतीवरून त्यांनी साइट उभी केली आणि त्या सहा तासांतला डेटा कायमचा गेला. त्यांचा मोठेपणा असा, की दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल जगापुढे ठेवला. त्या इंजिनिअरवर खापर फोडलं नाही. तो अहवाल आजही वाचायला मिळतो. डेव्हऑप्सच्या कोणत्याही कोर्सआधी तो वाचा.

लक्ष ठेवण्याचंही असंच. प्रोमिथिअस आणि ग्राफाना बसवून रंगीत आलेख काढणं सोपं आहे. आलेख कोणी बघत नसतं, तेव्हाच बिघाड होतो. चारच गोष्टींपासून सुरू करा: उत्तर यायला किती वेळ लागतो, विचारणा किती येतात, त्यांतल्या किती फसतात आणि मशीन कितपत भरलं आहे. गूगलच्या एसआरई पुस्तकानं २०१६ मध्ये हीच चार लक्षणं सांगितली आणि ते पुस्तक त्यांच्या साइटवर मोफत आहे. त्यांत आमच्यासारखा आयनोडचाही आकडा घाला. सूचना अशीच लावा, की जी आल्यावर उठून काहीतरी करावंच लागेल. रोज दहा खोट्या हाका मारणाऱ्या जागल्याकडे अकराव्या दिवशी कोणी धावत नाही. आणि तपासणारा त्याच सर्व्हरवर बसवू नका, सर्व्हर मेला की तोही मरतो. ग्राहकाला '९९.९ टक्के चालू राहील' असं सांगण्याआधी हिशेब करा, महिन्याला फक्त ४३ मिनिटांची सूट मिळते. आमच्या त्या एका रात्रीनं दीड तास खाल्ला होता.

विचाराला चालना म्हणून एक गणित देतो. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो आणि सुमारे १५ लाख मुलं, त्यांचे आईवडील, मामा-काका एकाच क्षणी साइट उघडतात. तुम्ही काय कराल? 'ऑटोस्केलिंग लावू' हे पहिलं उत्तर येतं. पण नवं मशीन उभं राहायला काही मिनिटं लागतात आणि गर्दी एका सेकंदात येते. जरा खोलात जा. निकाल आधीच तयार आहे, तो बदलणार नाही, प्रत्येकाला स्वतःचं एकच पान हवंय. मग डेटाबेसला विचारायचंच कशाला? पानं आदल्या रात्री बनवून सीडीएनवर ठेवता येतील का? एका मुलाला दुसऱ्याचं पान अंदाजानं उघडता येऊ नये म्हणून पत्ता कसा बनवाल? या एका प्रश्नावर तीन मित्रांसोबत एक संध्याकाळ घालवा.

नोकरी, सर्टिफिकेट आणि आपलं गाव

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं, शेगाव आणि बडनेऱ्याची महाविद्यालयं १९८३ ची. कितीतरी वर्षांपासून इथली मुलं शिकून रात्रीच्या गाडीनं पुण्या-मुंबईला जात आली आहेत. डेव्हऑप्सचं काम बऱ्याच अंशी दुरून होणारं आहे, म्हणून परत यायची किंवा न जायची वाट या क्षेत्रात इतरांपेक्षा थोडी रुंद आहे. पण पहिली दोन वर्षं शक्य असेल तर अनुभवी माणसांच्या शेजारी बसून काम करा. बिघाडाच्या वेळी जाणता माणूस काय बघतो आणि काय बघत नाही, हे जवळ बसूनच कळतं. घरून काम घेतलंत, तर इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट ही हत्यारं समजून घ्या, चैन समजू नका.

आधीच कुठे डेव्हलपर असाल, तर कोर्सवर पैसे घालण्याआधी मॅनेजरकडे तीन गोष्टी मागा: लॉग वाचायची परवानगी, बिघाडानंतरच्या बैठकीत बसायची परवानगी आणि महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल. तिसऱ्यासाठी कोणी नाही म्हणत नाही.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत सरळ आहे, सराव आधी आणि कागद नंतर. ॲमेझॉनची सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा १३० मिनिटांत ६५ पर्यायी प्रश्नांची असते, पाठांतरावरही ती निघते. कुबरनेटिसची सीकेए परीक्षा दोन तास प्रत्यक्ष मशीनवर काम करायला लावते, म्हणून मला तिचं मोल जास्त वाटतं. मुलाखतीत मी स्वतः सर्टिफिकेट विचारत नाही. "तुमच्याकडे शेवटचं काय बंद पडलं होतं?" एवढं विचारतो. ज्यानं खरंच काही चालवलंय तो खुर्चीत पुढे सरकून बोलू लागतो. त्यासाठी एक वही ठेवा. काय बंद पडलं, कधी कळलं, आधी काय वाटलं, खरं कारण काय निघालं, परत होऊ नये म्हणून काय बदललं. ही वही इंग्रजीत लिहिलीत तर लिहायचाही सराव होईल, आणि दुरून काम करणाऱ्या माणसाचं निम्मं काम लिहिण्याचंच असतं. आता एआय टूल कॉन्फिगरेशनच्या फाइली क्षणात लिहून देतात. जरूर वापरा, पण जी ओळ समजली नाही ती सर्व्हरवर जाऊ देऊ नका. रात्री फोन त्या टूलला येणार नाही, तुम्हाला येईल.

आणि एकट्यानं शिकू नका. चार जण जमा, शनिवारी दुपारी भेटा. एकानं गुपचूप काहीतरी मोडून ठेवायचं: डिस्क भरायची, डीएनएस बिघडवायचं, सर्टिफिकेटची मुदत संपवायची, फायरवॉलमध्ये एक ओळ घालायची. बाकी तिघांनी घड्याळ लावून शोधायचं. नेटफ्लिक्सनं केऑस मंकी नावाचा प्रोग्राम मुद्दाम स्वतःची चालती मशीनं बंद पाडण्यासाठी लिहिला, तो याच विचारानं. आमचा असा गट पाच-सहा महिने चालला. मी जे शिकलो त्यातलं बरंचसं त्या शनिवारांत शिकलो, आणि आयनोड संपवण्याची पाळी अर्थातच माझी होती.

आता वाचून झालं असेल, तर या आठवड्यात एकच काम करा. तुमच्या चालू ॲपच्या डेटाबेसचा कालचा बॅकअप दुसऱ्या एखाद्या मशीनवर चढवून पाहा. शेवटची नोंद सापडते का ते तपासा आणि किती मिनिटं लागली ते वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा.